वरचे नऊ मार्क

छापखान्यात त्यांना सगळे मात्राकाका म्हणायचे. एखाद्या शब्दावरची मात्रा उडाली किंवा ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली, तर काकांच्या नजरेतून ती सुटायची नाही. छापखाना शाळेची पुस्तकं छापायचा आणि काका सव्वीस वर्षं तिथे मुद्रितं तपासत होते. "पोरं चुकीचं शिकली तर त्याचं पाप आपल्या माथी," असं म्हणत ते ओळीखाली पट्टी धरायचे आणि डोळ्यांत तेल घालून वाचायचे. काका घरी जेवायला बसले की आधी ताट तपासतात आणि मगच घास घेतात, असं छापखान्यातले लोक म्हणायचे. त्यात फारसं खोटं नव्हतं.

घरात काकू आणि एकुलती एक लेक. पाच वर्षांची असताना तिनं गटारात पडलेलं मांजराचं पिल्लू फ्रॉकमध्ये गुंडाळून घरी आणलं, तेव्हापासून तिला मनी हीच हाक पडली. जनावरांची डॉक्टर व्हायचं हेही तिचं तेव्हापासूनचंच. बारावीला ती जीव तोडून अभ्यासाला बसली. जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात जागा चाळीस होत्या आणि यादीत मनी अडतिसावी आली. काकूंनी दोन दिवसांत सगळ्या आळीला सांगून टाकलं. काकांच्या जिवाला मात्र घोर लागला. अडतिसावी म्हणजे अगदी काठावर. फेरतपासणीत तीन-चार पोरं वर सरकली तर मनी बाहेर. त्यात रसायनशास्त्राचे चौऱ्याऐंशी मार्क त्यांना कमीच वाटत होते. आणखी चार पदरात पडले तर जिवाला स्वस्थता, म्हणून त्यांनी परीक्षा मंडळाकडे अर्ज करून तिच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली.

प्रत आली तेव्हा मनी घरी नव्हती. काकू आतल्या खोलीत मशीनवर कुणाचे तरी पडदे शिवत होत्या. काका खिडकीशी बसले आणि सवयीनं पट्टी धरून एकेक पान वाचू लागले. आतल्या पानांत बोट ठेवायला जागा नव्हती. मग ते पहिल्या पानावरच्या तक्त्याकडे आले. सहाव्या प्रश्नाचे नऊ मार्क सहाव्या रकान्यात लिहिले होते आणि तेच नऊ सातव्या रकान्यातही. सातवा प्रश्न मनीनं सोडवलाच नव्हता.

ते वरचे नऊ वगळून त्यांनी तीनदा बेरीज केली. तिन्ही वेळा पंच्याहत्तरच आले.

पंच्याहत्तर म्हणजे यादीत नाव कुठेच नाही. आपणच हे उकरून काढलं, असं त्यांच्या मनात आलं. अर्ज केला नसता तर कुणाला काय कळणार होतं? आणि आता तरी कुणाला कळलंय? त्यांनी कागद नीट घडी घालून टेबलाच्या खणात, विजेच्या बिलांखाली सरकवले आणि खण बंद केला.

संध्याकाळी मनीनं चप्पल काढता काढताच विचारलं, "प्रत आली का हो बाबा?"

"आली. मार्क बरोबर आहेत तुझे."

"वाढणार नाहीत?"

"नाही. जे आहेत ते आहेत."

काकांच्या तोंडात खोटं कधी बसलंच नव्हतं. ते मनीकडे न बघता खिडकीच्या गजांकडे बघत बोलले. मनी हातपाय धुवायला आत गेली. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फॉर्मला जोडायला विजेचं बिल हवं होतं. तिनं खण उघडला आणि कागद तिच्या हाती लागले.

काका कामावरून आले तर पोर टेबलाशी बसलेली, समोर उत्तरपत्रिकेचं पहिलं पान. सातव्या रकान्याशेजारी लाल पेन्सिलीची बारीकशी उभी रेघ होती. ती आपण कधी मारली हे काकांना आठवेना. सव्वीस वर्षांच्या सवयीच्या हातानं ती आपोआप मारली होती.

"ही खूण तुमची ना, बाबा?"

काका खुर्चीवर बसले. "बाळा, चूक त्यांची आहे. तू काही कॉपी केलेली नाहीस."

"सातवा मी सोडवलाच नव्हता."

"म्हणून काय झालं? आतल्या प्रश्नांत दोन-चार मार्क त्यांनी कमीही दिले असतील. सगळीकडे असंच चालतं."

"आतलं तुम्ही तपासलंत. कमी दिलेत का कुठे?"

काकांनी पान उलटं करून ठेवलं. तेवढ्यात मशीन थांबवून काकू दारात आल्या. त्यांना सगळं समजायला दोन मिनिटं लागली. मग त्या म्हणाल्या, "झाकली मूठ तशीच राहू दे. तिनं काय दरोडा घातलाय? पोरीनं वर्षभर डोळे फोडले ते काय यासाठी?"

"आई, एकेचाळिसाव्या नंबरवर जो कुणी असेल, त्यानंही फोडलेच असतील."

"त्याचं त्याची आई बघेल."

मनी काकांकडे वळली. "चौथीत मला अर्धा मार्क जास्त पडला होता. तुम्ही मला हाताला धरून परत शाळेत नेलं होतंत. बाईंसमोर उभं केलं होतंत."

"अर्ध्या मार्कानं तेव्हा आयुष्य अडत नव्हतं," काका म्हणाले. आपला आवाज एवढा का चढला, हे त्यांचं त्यांनाच कळेना. "हे बघ, उद्या तू डॉक्टर झालीस की हवी तेवढी खरी वाग. आधी आत तर जा."

मनीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. अनोळखी माणूस घरात शिरल्यावर आपण जसं बघतो, तशी ती बघत होती.

सकाळी ती मंडळाच्या ऑफिसात जायला निघाली. काका रजा टाकून तिच्याबरोबर गेले. तिला सोबत करायला की परत फिरवायला, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. वाटेत दोनदा ते म्हणाले, "अजून विचार कर." दोन्ही वेळा ती "हो" म्हणाली आणि चालत राहिली.

खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेल्या कारकून बाई होत्या. त्यांनी कागद पाहिले, मनीला पाहिलं, मग काकांना पाहिलं. "इथे मार्क वाढवायला येतात लोक," त्या म्हणाल्या. "कमी करायचा फॉर्मच नाही आमच्याकडे. घरी जा, पोरी. मी काही पाहिलेलं नाही."

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मनीच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं ना? आपण येऊन सांगितलं. आपलं कर्तव्य संपलं."

"साध्या कागदावर अर्ज चालेल का?" मनीनं बाईंना विचारलं.

बाईंनी उसासा टाकला. "चालेल, बाई. न चालायला काय झालंय?"

मनीनं बाकावर बसून मांडीवर कागद ठेवला आणि अर्ज लिहिला. एक पानभर. मग तो काकांपुढे धरला. "वाचून द्या. चुका नकोत."

काकांनी चष्मा लावला. अक्षरं डोळ्यांपुढे हलत होती. 'माझे नऊ गुण चुकून जास्त धरले गेले असून' या ओळीपाशी ते बराच वेळ थांबले. फाडून टाकावा असं एकदा मनात येऊन गेलं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, 'दुरूस्ती'मधला दीर्घ उकार ऱ्हस्व केला आणि कागद परत दिला. मनीनं तो खिडकीतून आत सरकवला.

तीन आठवड्यांनी नवी गुणपत्रिका आली. कॉलेजच्या यादीतून मनीचं नाव गेलं. पेपरात बातमी आली नाही, कुणी शाबासकी दिली नाही. काकूंनी आळीत सांगितलं होतं ते आता त्यांना एकेका घरात जाऊन खोडावं लागलं. "सत्यवादी आहे आमची," असं त्या कडवटपणे म्हणायच्या आणि घरी येऊन रडायच्या. पुढच्या वर्षी मनी परत परीक्षेला बसली. मार्क वाढले, पण त्या वर्षी सगळ्यांचेच वाढले होते. ती सात मार्कांनी हुकली. शेवटी तिनं दोन वर्षांचा पदविकेचा कोर्स केला आणि जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली.

घरात भांडण असं झालं नाही. मनी काकांशी बोलायची, त्यांचा चष्मा दुरुस्त करून आणायची. फक्त एक बारीकसा फरक पडला होता आणि तो काकांशिवाय कुणाला दिसला नसता. पूर्वी काका म्हणाले की तिच्यासाठी विषय संपायचा. आता काका म्हणाले, "औषध आठला घ्यायचंय," की ती "बरं" म्हणायची आणि डॉक्टरांची चिठ्ठी उघडून स्वतः बघायची.

काका निवृत्त झाल्यावर एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला ते दवाखान्यात गेले. लोखंडी टेबलावर एक म्हातारा कुत्रा पडला होता आणि मनीनं त्याचं डोकं आपल्या कोपराच्या वळणात धरलं होतं. मनीपेक्षा लहान दिसणारा नवा डॉक्टर शीर शोधत होता. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मनीनं न बोलता बोटानं जागा दाबून दाखवली. सुई गेली. डॉक्टर हात धुवायला गेल्यावर कुत्र्याच्या मालकानं हळूच मनीला विचारलं, "वाचेल ना?"

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी खाल्लं तर आशा आहे. नाही तर त्याला त्रास देण्यात अर्थ नाही."

तो माणूस मान हलवून गेला. त्याला बरं वाटलं नव्हतं, पण त्यानं दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही.

मागच्या ओट्यावर बसून मनीनं डबा उघडला. काका शेजारी बसले. सहा वर्षं पोटात असलेलं त्यांनी विचारलं, "पश्चात्ताप होतो का गं कधी?"

मनीनं घास चावून संपवला. "होतो. आत्ता दोनदा झाला, तो सुई टोचत होता तेव्हा. हे टेबल माझं असतं असं वाटतं. मग कामाला लागलं की जातं." पुढचा घास मोडत ती म्हणाली, "पण परत तेच केलं असतं. त्यात काही मोठेपणा नाही, बाबा. मला दुसरं जमलं नसतं."

काकांनी समोरच्या रिकाम्या पिंजऱ्यांकडे पाहिलं. "त्या दिवशी मी चुकलो. तो खण बंद करायला नको होता."

"हो," मनी म्हणाली.

ती 'जाऊ द्या' म्हणाली नाही. काकांनीही ते मागितलं नाही. आतून कुणीतरी तिला हाक मारली, तेव्हा तिनं अर्धा डबा त्यांच्या हातात दिला, "तुम्ही खा, मला वेळ लागेल," म्हणाली आणि आत गेली. काका तिथेच बसून सावकाश जेवले.