निळ्या खोलीची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. वजनाने शेरभर, आवाजाने किनरी आणि स्वभावाने उतावळी. स्वस्थ राहणे मला जमत नाही. यात माझा दोष नाही, मला घडवलेच तसे आहे. माझ्या मानेला पोलादी स्प्रिंग आहे. एकदा ओढले की आवाज थांबला तरी मी दोन-तीन मिनिटे थरथरत राहते, म्हणजे उशिरा धावत आलेल्या नोकराला कळावे की वाजली ती कोणती.

यॉर्कशायरमधल्या स्केल्बी हॉलच्या तळमजल्यावर, नोकरांच्या जेवणघरात, एका लांब फळीवर आम्ही अकरा बहिणी टांगलेल्या आहोत. प्रत्येकीखाली पांढऱ्या रंगात एकेका खोलीचे नाव आहे. मी सातवी, निळ्या खोलीची. माझ्यापासून निघालेली तांब्याची तार भिंतीच्या पोटातून तीन मजले वर जाते आणि निळ्या खोलीत पलंगाशेजारच्या रेशमी दोरीला मिळते. वर दोरी ओढली की खाली माझा जीव हलतो.

माझ्या आयुष्यात वाट पाहणेच जास्त. आता ओढतील, मग ओढतील. उंदीर तारेवरून गेला तरी मला वाटते, आली हाक!

त्या निळ्या खोलीत उमराव साहेबांची मुलगी राहायची, लेडी हेस्टर. एकोणीसशे अकरा साली ती बारा वर्षांची होती आणि मला सर्वांत जास्त वाजवायची. कोळसा हवा, टण. खिडकी उघडा, टण. खिडकी लावा, टण. त्याच वर्षी, मार्च महिन्यात, माझ्यासमोरच्या टेबलापाशी चौदा वर्षांची एक मुलगी येऊन उभी राहिली. हात थंडीने लाल झालेले, बूट भावाचे.

घराच्या कारभारीण मिसेस ऑल्डरसन यांनी मान वर न करता विचारले, "नाव काय?"

"डॉर्कस, बाई."

"या घरात दुसऱ्या मोलकरणीचं नाव एमा असतं. आधीची एमा लग्न करून गेली. आजपासून तू एमा."

"पण बाई, माझ्या आईनं..."

"तुझ्या आईला वरच्या घंटेला धावायचं नाहीये. तुला धावायचंय. वरच्या लोकांनी दर खेपेला नवीन नाव कुठं पाठ करत बसायचं? तो झगा घे खुंटीवरचा."

तो झगाही आधीच्या एमाचा होता. डॉर्कसला दोन बोटे आखूड झाला. पुढे तिने त्याची शिवण सोडली, पण नावाची शिवण कशी सोडणार? गावात ती डॉर्कस आणि हॉलचे फाटक ओलांडले की एमा, असा अठ्ठावीस वर्षांचा खेळ सुरू झाला. निळ्या खोलीपर्यंत चौऱ्याऐंशी पायऱ्या होत्या. मी वाजले की ती उठायची. घास तोंडात असला तरी उठायची. मला तिची दया यायची, पण वाजण्यावाचून मला काही येत नाही.

नोकरांचा एक फोटो काढला होता, एकोणीसशे तेराचा. तो अजून माझ्या समोरच्या भिंतीवर आहे. त्यात डॉर्कसच्या पायांखाली रेखीव अक्षरांत लिहिले आहे, 'एमा'.

मग दुसरे महायुद्ध आले. हॉलमध्ये जखमी सैनिक राहायला आले आणि नोकर पांगले. डॉर्कस गावात आपल्या बहिणीकडे, अ‍ॅडाकडे, राहायला गेली. युद्ध संपले तरी ते दिवस काही परत आले नाहीत. माझी तार गंजली. पस्तीस वर्षे मला कोणी ओढले नाही. मित्रांनो, थरथरायला बनवलेल्या वस्तूने पस्तीस वर्षे गप्प राहायचे म्हणजे काय, याची तुम्हाला कल्पना यायची नाही. माझ्यावर कोळ्याने जाळे विणले. मी त्याच्यावर चिडले, पण करणार काय!

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली एकदम पाऊलरव ऐकू आला. टीव्हीची माणसे आली होती. उमरावांचे कुटुंब आणि त्यांचे नोकर यांच्यावर एक मालिका काढायची होती, आणि त्यासाठी त्यांना खरे घर, खरा जिना, खऱ्या घंटा हव्या होत्या. लेडी हेस्टर तोवर पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या. एवढ्या मोठ्या घरात एकट्याच, निळ्या खोलीत राहत होत्या. छप्पर गळत होते, म्हणून त्यांनी होकार दिला.

मला पुसले, घासले, माझी तार नवी केली. मला वाटले, आता माझे दिवस फिरले! पण या लोकांचे तंत्र वेगळे. प्रसंगात घंटा वाजायची असली की वर कोणी दोरी ओढत नसे. फळीमागे एक माणूस बसून मला मासे पकडायच्या दोऱ्याने ओढायचा. वरून कोणी बोलावलेलेच नाही आणि मी आपली ओरडते आहे! बरे, एकदा वाजल्यावर मी थरथरत राहायची आणि तेवढ्यात ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. दिग्दर्शक ओरडायचा, "अरे, त्या सातव्या बाईला कोणीतरी धरा!" शेवटी त्यांनी माझ्या मानेला चिकटपट्टी लावली. तो अपमान मी विसरलेले नाही.

जुन्या रीती सांगायला कोणीतरी माहीतगार हवे होते. जिलियन नावाची एक तरतरीत मुलगी टीव्हीवाल्यांची सगळी व्यवस्था बघायची. ती गावात विचारत विचारत गेली आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या डॉर्कसला घेऊन आली.

पहिल्याच दिवशी डॉर्कस टेबलापाशी चहा पीत बसली होती. फळीमागच्या माणसाने मला ओढले. टण! आणि डॉर्कस ताडकन उभी राहिली. कप उलटला, चहा सांडला. सगळे हसले.

"हसा, हसा," ती खुर्चीला धरून म्हणाली. "नोकरी सुटली हे माझ्या पायांना अजून कोणी कळवलेलं नाही."

पण काम तिने चोख केले. मोलकरणीचे काम करणारी नटी कोळशाची रिकामी बादली दोन बोटांवर झुलवत, गोड हसत जिना चढत होती. डॉर्कसने बादली घेतली, काठोकाठ खरा कोळसा भरला आणि परत दिली. "आता हसून दाखव, बाळ."

मालिकेत मालकीणबाई मोलकरणीला तिच्या खऱ्या नावाने प्रेमाने हाक मारते, असा एक प्रसंग होता. डॉर्कसने मान हलवली. "असं नव्हतं हो. मला अठ्ठावीस वर्षं एमा म्हणत होते."

"प्रेक्षक गोंधळतील," दिग्दर्शक म्हणाला.

"मी पण गोंधळले होते," डॉर्कस म्हणाली.

मोबदल्याची गोष्ट निघाली तेव्हा तिने घासाघीस केली नाही. एवढेच म्हणाली, "जिलियन, शेवटी ती नावं वर सरकतात ना पडद्यावर, त्यात माझं नाव घाला. खरं नाव. आमची अ‍ॅडा मरेपर्यंत मला चिडवायची. म्हणायची, एवढी राबलीस त्या घरात, पण तू तिथं होतीस याला पुरावा काय? फोटोत तर कोणीतरी एमा उभी आहे!"

जिलियनने वचन दिले, तिच्यासमोर कागदावर नाव लिहिले आणि तो लंडनला पाठवला. तेव्हापासून डॉर्कस रोज पोस्टमनला विचारायची, पहिला भाग कधी लागणार. तिची ती घालमेल बघून मलाच थरथरायला व्हायचे.

एका रविवारी संध्याकाळी पहिला भाग लागला. वरच्या दिवाणखान्यात गळके छप्पर आणि बोचरी थंडी, म्हणून टीव्ही माझ्यासमोर जेवणघरात मांडला होता. गावातली पाच-सहा माणसे जमली. डॉर्कस चर्चला जायची टोपी घालून पुढच्या खुर्चीत बसली. लेडी हेस्टर वर आपल्या खोलीत होत्या. हा जिना त्या जन्मात उतरल्या नव्हत्या.

भाग संपला. नावे सरकू लागली. नट, नट्या, दिवे, शिवणकाम. आणि मग आले, 'जुन्या रीतींचा सल्ला : एमा, स्केल्बी हॉल.'

कोणीतरी टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तसेच राहिले. डॉर्कसने कप बशीत ठेवला. टोपी सारखी केली. "छान झाला हो भाग," एवढेच म्हणाली आणि निघून गेली. जिलियन तिच्यामागे दारापर्यंत धावली, पण डॉर्कस थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता वरून दोरी ओढली गेली. खरी ओढ! चित्रीकरण सुरू झाल्यापासून डॉर्कस लेडी हेस्टरना सकाळचा चहा नेऊन द्यायची. तिला कोणी सांगितले नव्हते, जुनी सवय. आज चहा गेलाच नव्हता. मी वाजले. कोणी उठले नाही. खाली एकटी जिलियन कागद चाळत बसली होती. तिला वाटले, कोणीतरी चेष्टा करते आहे. मी दुसऱ्यांदा वाजले, तिसऱ्यांदा जीव तोडून वाजले. मग जिन्यावर काठीचा आवाज आला. एकेक पायरी, थांबत थांबत. चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरून लेडी हेस्टर प्रथमच खाली आल्या.

"एमा कुठे आहे?"

"ती येणार नाही, बाईसाहेब," जिलियन उभी राहत म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "काल पडद्यावर तिचं नाव एमा आलं. मी बरोबर लिहून पाठवलं होतं. लंडनच्या ऑफिसात माझा कागद हरवला म्हणे, म्हणून त्यांनी इथं फोन करून विचारलं. कोणी सांगितलं त्यांना?"

"मी सांगितलं. एमा. आडनाव विचारत होते, मी म्हटलं, नुसतं एमा. मग त्यात चूक काय झाली?"

"तिचं नाव डॉर्कस आहे."

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून, बाईसाहेब," दारातून आवाज आला. डॉर्कस घडी केलेला एप्रन परत द्यायला आली होती.

लेडी हेस्टर मटकन बाकावर बसल्या. इतक्या रागातही डॉर्कसला राहवले नाही. "तिथं नका बसू. ती भांडी घासणारीची जागा आहे."

"मग कुठे बसू?"

"खरं सांगायचं तर इथं तुमची जागाच नाही."

 तरी त्या उठल्या नाहीत.

"मला कोणी सांगितलंच नाही," लेडी हेस्टर म्हणाल्या. "आई एमा म्हणायची. तुझ्या आधी होती तीही एमाच. लहानपणी मला वाटायचं, ती एकच बाई आहे आणि तिला वय होतच नाही."

"वय झालं, बाईसाहेब. गुडघे बघा माझे. तुम्ही एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. अठ्ठावीस वर्षं मी दिवसातून दहादा तुमच्यासमोर उभी होते."

लेडी हेस्टरनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "मी स्वतः लंडनला फोन करते. चूक माझी आहे, ऑफिसची नाही. पण त्यांना आडनाव लागेल." त्या थांबल्या. जन्मभर जिला 'अगं एमा' म्हटले तिच्याकडे त्यांनी मान वर करून पाहिले. "तुमचं आडनाव काय?"

त्या 'तुमचं'ने डॉर्कसचा राग निम्मा उतरला, हे मला फळीवरून स्पष्ट दिसले. "पोस्टगेट," ती म्हणाली. "डॉर्कस पोस्टगेट."

लेडी हेस्टर ते नाव पुटपुटत फोनकडे गेल्या, वाटेत विसरू नये म्हणून.

पहिले तीन भाग तयार होऊन बसले होते. जे काही व्हायचे ते चौथ्या भागात. ते तीन आठवडे कसे गेले ते मलाच ठाऊक. दर रविवारी पडद्यावर एमा येई आणि जाई. डॉर्कस म्हणाली होती, "मी आता बघणारच नाही." चौथ्या रविवारी ती आली, पण बसली नाही. अंगात कोट, हातात पर्स, दाराला टेकून उभी. लेडी हेस्टर पुन्हा खाली उतरून, या खेपेला स्वतःची खुर्ची आणवून, टीव्हीसमोर बसल्या होत्या.

नावे सरकली. दिवे, शिवणकाम. 'जुन्या रीतींचा सल्ला : डॉर्कस पोस्टगेट.'

दोन सेकंद राहिले आणि वर गेले.

सगळ्यांनी मागे वळून पाहिले. डॉर्कस पर्समध्ये रुमाल शोधत होती. "अ‍ॅडा असती तर म्हणाली असती, अक्षरं फार बारीक काढलीत," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

थोड्या वेळाने लेडी हेस्टर सवयीने म्हणाल्या, "एमा, चहा..." आणि जीभ चावली. "डॉर्कस, चहा मिळेल का?"

डॉर्कस अंगातला कोट काढून पहिल्यांदाच ऐसपैस बसली. "किटलीत आहे, बाईसाहेब. ओतून घ्या. येताना माझाही आणा."

आणि मित्रांनो, तो आला! बशीत निम्मा सांडलेला, पण आला.

पुढे लेडी हेस्टरनी एकोणीसशे तेराच्या फोटोखाली शाईने खरे नाव लिहिले. शेजारी एकोणीसशे चार सालचा आणखी जुना फोटो आहे. त्यातही एक एमा आहे, आखूड झगा डॉर्कसला ठेवून गेलेली. "हिचं खरं नाव काय हो?" त्यांनी विचारले.

डॉर्कस त्या फोटोकडे पाहत राहिली. "मी तिचा झगा अंगावर घालून फिरले," ती हळूच म्हणाली. "पण मी तरी कुठं विचारलं?"

आता दोघीही नाहीत. मालिका पाहिलेले लोक तिकीट काढून हॉल बघायला येतात. मुले वर जाऊन निळ्या खोलीतली दोरी ओढतात आणि खाली पळत येऊन मी कशी थरथरते ते बघतात. चार सालच्या फोटोखाली अजून 'एमा' लिहिलेले आहे आणि त्यामुळे माझ्या जिवाला स्वस्थता नाही. कारण मी इथे होते. डॉर्कसच्याही आधी, याच टेबलापाशी, "नाव काय?" या प्रश्नाला त्या मुलीने दिलेले उत्तर मी ऐकले आहे. प्रत्येक वेळी मी तेच सांगायला जाते आणि लोकांना फक्त टण ऐकू येते.

माझ्या जिभेला एकच आवाज आहे. तुमच्या जिभेला तशी अडचण नाही. तुमच्या घरी झाडायला, भांडी घासायला, दूध घालायला जे कोणी येत असेल, त्याला आजच नाव विचारा आणि त्या नावाने हाक मारा. आणि कधी स्केल्बी हॉलला आलात, तर त्या जुन्या फोटोसमोर उभे राहून एवढे मोठ्याने म्हणा.

तिचे नाव टॅबिथा होते.