परत आलेली कवळी

पिक्चरला मुलीने नेलं. मी नको म्हणत होतो.

"बाबा, पाच महिने झाले. घर आणि कारखाना, कारखाना आणि घर. दुपारचा खेळ आहे, दिवेलागणीच्या आत परत येऊ."

कारखाना म्हणजे माझी एक खोली. तिथे मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी त्यावरून प्लास्टरचा साचा करतो आणि साच्यावर दात बसवतो. चौतीस वर्षं झाली. ज्यांच्या तोंडात माझे दात आहेत त्यांच्यातल्या एकालाही मी ओळखत नाही. फक्त आमची ही सोडून.

पिक्चर ठगांचा होता. नवरा-बायको मिळून लोकांना गंडा घालतात. अर्ध्यावर बायको मरते. नवरा धाय मोकलून रडतो, ठगगिरी सोडतो, साधा माणूस होतो. आणि शेवटच्या पाच मिनिटांत कळतं की बायको मेलेलीच नाही. चादरीखाली दुसरंच कुणीतरी होतं. ती कुठल्याशा गावात एका बाकावर बॅग घेऊन मजेत बसलेली असते. तिने नवऱ्यालाच बनवलेलं असतं. त्याला ते शेवटपर्यंत कळत नाही, आपल्याला कळतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "कसला शेवट होता ना! मला जराही शंका आली नाही."

"मला नाही आवडला."

"फसलात म्हणून राग आला?" ती हसली. "आई असती तर मध्यंतरातच सांगून मोकळी झाली असती."

"त्याने चादर उचलून बघायला हवी होती," मी म्हणालो.

मुलीचं हसू गेलं. थोडं चालल्यावर म्हणाली, "बाबा, चहा घ्यायचा का?"

तिला कळलं होतं. मी चादर उचलली नव्हती. ही बहिणीकडे गेली होती आठ दिवसांसाठी. तिथेच सकाळी छातीत कळ आली आणि संपलं. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा सगळी तयारी झालेली, तोंड झाकलेलं. मेहुणी म्हणाली, "भावजी, नका बघू. होती तशीच लक्षात ठेवा." मी ऐकलं. मी आयुष्यभर बायकांचं ऐकत आलो, त्या दिवशी ऐकायला नको होतं.

त्या पिक्चरनंतर डोक्यात भुंगा शिरला. जाताना तिने नव्या चपला का नेल्या? घराची किल्ली खुंटीला का अडकवून गेली? सांगणार कुणाला? वेड्यात काढतील. पण खरं लिहितो, मला त्या विचाराची भीती वाटत नव्हती. मला तो हवासा वाटत होता. तिने मला बनवलं असेल तर बनवू दे. सोडून गेली असेल तर जाऊ दे. कुठेतरी बाकावर बसलेली असली म्हणजे झालं.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडून डबी आली. चिठ्ठीवर एवढंच होतं, 'वरची कवळी. टोचते. घासून द्यावी.' असं काम महिन्यातून दहा वेळा येतं. मी डबी उघडली.

कवळी हिची होती.

माझी चूक होणं शक्य नव्हतं. हिच्या पुढच्या दोन दातांत फट होती. दात काढायची वेळ आली तेव्हा म्हणाली होती, "नटीसारखे सरळ दात करून ठेवाल. मला माझेच पाहिजेत, फटीसकट." मग मी फट ठेवली. डावीकडचा दात जरा वळता होता, तोही तसाच वळता बसवला. टाळू अरुंद आणि खोल, तशी मी दुसरी पाहिली नाही. ती कवळी माझ्या तळहातावर होती. स्वच्छ, नुकती धुतलेली. कडेला कवळी चिकटवायची थोडी पेस्ट राहिली होती. कुणीतरी ती काल वापरली होती.

मी मेहुणीला फोन लावला.

"हिच्या तोंडात कवळी होती का? शेवटी?"

"काय विचारताय भावजी हे?"

"होती की नव्हती?"

"होती. मीच ओठ मिटवले तिचे. तिच्याबरोबरच गेली." मग हळू आवाजात, "तुम्ही जेवलात का?"

मी फोन ठेवला. हिची कवळी केली तेव्हाच मी एक जादा साचा करून जपून ठेवला होता, सगळ्यात वरच्या फळीवर, बिस्किटांच्या डब्यात. डब्यावर तिनेच चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, 'घरची'. स्टूल घेऊन चढलो, डबा काढला. आत साचा होता. पण रुंद, पसरट टाळूचा. मी तो उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला. माझ्या बायकोच्या डब्यात दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड होतं.

स्टुलावर तसाच उभा राहिलो. चादरीखाली दुसरंच कुणीतरी होतं. लाज वाटते लिहायला, पण मी हसत होतो.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. पेशंटचा पत्ता आम्हाला देत नाहीत. म्हणालो, "मॅडम, इथे बसून नाही जमणार. तोंडात घालून बघावी लागेल."

"काका, तुम्ही कधीपासून पेशंटकडे जायला लागलात?"

"आजपासून."

"बाई एकट्याच असतात. टेलिफोन ऑफिसात होत्या. जरा फटकळ आहेत, सांभाळून घ्या."

पत्ता पुलापलीकडचा, तिसरा मजला. पायऱ्या चढताना मी काय बोलायचं ते ठरवत होतो. रागवायचं नाही. का केलंस, विचारायचं नाही. आधी बसायचं, पाणी मागायचं. हातातली डबी घामाने ओली झाली होती.

दार उघडलं. बाई उंच होती. ही माझ्या खांद्यापर्यंत यायची. दात नसल्यामुळे वरचा ओठ आत गेलेला, नाक लांब, डोळे घारे. कुठल्याही बाजूने ही नव्हती.

"कोण पाहिजे?"

मी हातातली डबी पुढे केली.

"अच्छा, कवळीवाले! या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं मला. पाच महिने छळलंय तुमच्या कवळीने. बसा, पंखा लावते. तुमचा चेहरा असा का झालाय? जिन्याने दमलात?"

मी बसलो. त्या वेळी डबी ठेवून निघून यायला हवं होतं. उत्तर समोर उभं होतं. तरी म्हणालो, "घालून दाखवा."

"तुमच्यासमोर? बरं, तिकडे बघा."

मी खिडकीकडे तोंड केलं. नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज आला, मग ट्यूब पिळल्याचा, मग तो टच्च आवाज जो मी घरी रोज सकाळी ऐकायचो.

"हं. बघा आता."

मी वळलो. नाक तेच लांब, डोळे तेच घारे. पण ओठ भरले होते, ओठांवर हिची ठेवण आली होती आणि मधे ती फट. तिने विचारलं, "सांगा, काय सुचतंय?" आणि 'स'वर बारीक शीळ वाजली. फटीमुळे वाजायची ती. मी हिला कितीदा म्हटलं होतं, फट बुजवू या. नको म्हणायची.

माझ्या मानेवर काटा आला. पण उठवेना.

"आकडे म्हणा," मी म्हणालो. "साठपासून."

हे खोटं नव्हतं. कवळी नीट बसली का ते बघायला असेच आकडे म्हणून घेतात.

"साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट..." प्रत्येक आकड्याला शीळ. मी डोळे मिटले. सत्तर झाले तेव्हा म्हणालो, "परत."

"परत?"

"टोचतं कुठे ते कळायला पाहिजे."

तिने परत म्हटले. मग मी म्हणालो, "आता म्हणा, सावकाश या."

"सावकाश या."

"म्हणा, सगळं संपवलंत का?"

"सगळं संपवलंत का?"

"म्हणा, असे काय बसलात..."

ती थांबली. मी डोळे उघडले. ती खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे बघत होती, दार किती लांब आहे हे बघावं तसं.

"चाळीस वर्षं मी टेलिफोनवर होते," ती म्हणाली. "माणूस आवाज कशासाठी ऐकतोय ते मला कळतं. हे दात कुणाचे आहेत?"

मी रिकामी डबी उचलून तिचं झाकण लावलं.

"माझा भाऊ मला फोनवर ओळखत नाही. कोण बोलतंय म्हणून विचारतो. सख्खा भाऊ. आरशात बघते तेव्हा वाटतं, दुसरीच कुणीतरी माझं तोंड वापरतेय. डॉक्टरीणबाई म्हणतात, सवय होईल. मला सवय नको, माझं तोंड हवंय. कुणाचे आहेत?"

"तुम्हाला कधी मिळाली ही?" मी विचारलं. तिने तारीख सांगितली, आणि मला ती खोली दिसली. ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी कामाला गेलो होतो. मुलगी नको म्हणत होती. त्या दिवशी मी हिचा साचा डब्यातून काढून टेबलावर ठेवला होता, नुसता बघायला. शेजारी दुसरा साचा होता, या बाईंच्या मापाचा, काम व्हायचं राहिलेला. मग मी दात लावायला घेतले. चौतीस वर्षांच्या हातांना डोक्याची गरज लागत नाही. हातांनी जवळचा साचा उचलला आणि त्यावर कधी काळी बसवले होते तसेच दात परत बसवले, फटीसकट. कवळी तयार झाली की साचा फोडून ती बाहेर काढावी लागते. तो मी छोट्या हातोडीने फोडला. तुकडे कचऱ्यात टाकले. दुसरा साचा जपून डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

कुणीही मला बनवलं नव्हतं.

"माझ्या बायकोचे," मी म्हणालो. "ती गेली. चूक माझी. तुमच्या मापाऐवजी मी तिच्या मापावर केली."

ती ओरडेल असं वाटलं. ओरडली नाही. त्याच शीळ घालणाऱ्या आवाजात म्हणाली, "मघाशी काय म्हणायला लावणार होतात? असे काय बसलात, पुढे?"

मला ते सांगायचं होतं. तिने म्हटलंही असतं, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. एकदाच. मी तोंड उघडलं होतं.

"काढा ती," मी म्हणालो.

या वेळी तिने मला तिकडे बघायला सांगितलं नाही. माझ्या समोरच काढली. ओठ आत गेला, चेहरा परत तिचा झाला. "हिरडी बघा तरी," ती तिच्या जाड आवाजात म्हणाली. "जेवता येत नाही मला."

मी कधी कुणाच्या तोंडात बघितलेलं नाही, ते डॉक्टरांचं काम. तिने टॉर्च दिला. मान मागे करून तोंड उघडलं. टाळू रुंद होती, पसरट. आणि त्या रुंद टाळूवर एक लालभडक रेघ उठली होती, अरुंद, कमानीसारखी, दोन्हीकडे सोललेली. जिथे जिथे कवळी रुतली तिथे तिथे. हिच्या तोंडाचा पूर्ण आकार होता तो, जसाच्या तसा. साचा फुटला, ही गेली, आणि आता एवढाच उरला होता.

मी बराच वेळ टॉर्च धरून राहिलो. ती तोंड उघडं ठेवून बसून राहिली. घाई केली नाही.

"पंधरा दिवस काहीच घालू नका," मी म्हणालो. "मऊ खा. मग नवं माप घ्यायला सांगतो, मीच करून देतो."

तिने तोंड मिटलं. "आणि हे लाल झालंय ते?"

"जाईल."

"पूर्ण?"

"पूर्ण," मी म्हणालो, आणि टॉर्च विझवला.