मधला तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी जेवणाची फळी आहे. आहे कसली, होते! आता मी त्या फळीचा नुसता मधला तुकडा आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. तो मी लपवणार नाही.

माझा जन्म इटलीतल्या मार्के प्रांताच्या डोंगरात, आल्चीदे नावाच्या सुताराच्या अंगणात झाला. त्याने नदीकाठच्या पॉप्लर झाडाचं लाकूड तासून मला सांधलं आणि चारी बाजूंनी बोटभर उंच काठ लावला. "यातून पोलेंटा सांडला तर माझं नाव बदल," असं तो बायकोला म्हणाला होता. अख्खं टेबल झाकेल एवढी मी लांबरुंद होते.

रविवारी एकच्या ठोक्याला मला मांडत. तासभर घोटलेला मक्याच्या पिठाचा पोलेंटा वाफाळता माझ्यावर ओतत, वर टोमॅटोचा रस्सा, किसलेलं चीज आणि अगदी मध्ये सॉसेजचा ढीग. ताटं नसतच. ज्याने त्याने आपल्या काठापासून खात खात मध्याकडे सरकायचं. सगळे बसल्याशिवाय कोणी काटा उचलायचा नाही आणि उशीरही करायचा नाही, कारण गार झालेला पोलेंटा म्हणजे धोंडा. शेजाऱ्याचा बांध कोरलात तर हातावर चाटूचा फटका बसे. आल्चीदेचा मुलगा सेत्तिमिओ आणि त्याचा भाऊ यांनी एकदा वर्षभर अबोला धरला होता. जेवता जेवता दोघांमधली पोलेंट्याची भिंत पातळ झाली, काटे एकमेकांवर आपटले आणि "सरक की रे गाढवा!" हे त्यांचं वर्षातलं पहिलं बोलणं माझ्यावर झालं. त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढे सेत्तिमिओ म्हातारा झाला, भाऊ गेला, बायको गेली. मुलगी ओर्नेल्ला आणि मुलगा दारिओ खालच्या शहरात नोकरीला लागली. ओर्नेल्ला दुपारी कॉम्प्युटरसमोर डब्यातला पाला चिवडते. दारिओ गाडी चालवता चालवता पावात कोंबलेलं काहीतरी गिळतो आणि संध्याकाळी कोणीतरी दारात आणून दिलेला पुठ्ठ्याचा खोका उघडतो. वाटेल तेव्हा खायचं, एकट्याने खायचं, फोनकडे बघत खायचं. याला ते सोय म्हणतात! अहो, गोठ्यातली जनावरंसुद्धा निदान एका गव्हाणीला तोंड लावतात.

गेल्या मार्चमध्ये सेत्तिमिओला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्याने दोघांना एक वाजता बोलावलं, एकट्याने तासभर चाटू फिरवला, पोलेंटा माझ्यावर ओतला आणि वाट बघत बसला. ओर्नेल्ला अडीचला उगवली. दारिओ तीनला आला, तोही बाहेर खाऊन. तोवर पोलेंट्याला भेगा पडल्या होत्या.

"बाबा, थांबा हां, आधी फोटो काढतो," दारिओ म्हणाला.

"मढ्याचा फोटो काढतोस होय रे?"

"अहो, चिडता काय? हल्ली कोणाला जमतं एका वेळी बसायला? माझं ऐका. या फळीचे तीन तुकडे करू, ज्याचा त्याला. मी माझा घरी नेतो. टीव्हीसमोर मांडीवर घेऊन जेवेन आणि तुमची आठवण काढेन."

"खरंच बाबा, काय गोड दिसतील!" ओर्नेल्लाने री ओढली.

मला वाटलं, आता म्हातारा दोघांना झोडपून काढणार. पण तो मुकाट्याने उठला, बापाची करवत घेऊन आला आणि ती त्याने पोराच्या हातात ठेवली. "करा तुमच्या मनासारखं," एवढंच म्हणाला. मला त्याचासुद्धा राग आला. आणि त्या दीडशहाण्या पोराने खरोखर करवत चालवली! प्रेमाने चालवली, फुंकर मारून भुसा उडवला, हेच मला सहन होत नाही. टोकांचे दोन तुकडे ती दोघं घेऊन गेली आणि मधला, म्हणजे मी, बापाकडे राहिले.

पुढच्या रविवारी सेत्तिमिओने मला टेबलावर ठेवलं आणि पातेलं उपडं केलं. सहा जणांचं पीठ टाकायची सवय झालेल्या हाताला एकट्याचं माप कुठून कळणार? माझ्या दोन बाजूंना आता काठच नव्हता. पोलेंटा टेबलभर पसरून एकीकडून ओर्नेल्लाच्या खुर्चीवर आणि दुसरीकडून दारिओच्या खुर्चीवर ओघळला, तिथून खाली फरशीवर. म्हातारा रिकामं पातेलं धरून तसाच उभा राहिला. मग त्याने दोघांना फोन लावला आणि आयुष्यात ओरडला नव्हता तेवढा ओरडला.

"ताबडतोब या! जेवायला नाही, पुसायला या!"

आणि मित्रांनो, वीस मिनिटांत दोघंही हजर! रविवारी एकला बसायला ज्यांना सवड नव्हती, त्यांना फडकी घेऊन गुडघ्यांवर बसायला सवड मिळाली. बापाला काही झालं या भीतीने धावली असतील, एवढं मी मान्य करते.

खुर्ची पुसता पुसता दारिओने बोट चाटलं. "बाबा, आतून अजून गरम आहे."

"वेळेवर आलं की तो गरमच असतो," सेत्तिमिओ म्हणाला.

दारिओ खाली मान घालून फरशी पुसत राहिला.

माझा राग काही गेलेला नाही. मला आता सांधलं तरी फटींतून रस्सा गळणारच. म्हणून तुम्हाला हात जोडून नाही, चांगलं दटावून सांगते: घरातून जेवायला हाक येते तेव्हाच उठा आणि जा. पुसायला बोलावण्याची पाळी कोणावर आणू नका.