यंत्र खोटं बोलत नाही म्हणे

मी भट्टी बोलतेय. पण गल्लीच्या तोंडाशी पाव भाजणारी जी असते ना, तिच्याशी कृपा करून माझं नातं लावू नका. तिला सगळं मेकनेस शहर ओळखतं. बायका कणकेचे गोळे फळीवर मांडून रोज सकाळी तिच्याकडे जातात. मला ओळखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी स्फटिक वाढवायचे.

माझा जन्म फ्रान्समधला. तिथल्या लोकांनी मला वीस वर्षं राबवून घेतलं आणि मग लाकडी खोक्यात घालून ‘भेट’ म्हणून इकडे मोरोक्कोला धाडलं. वापरून झालेली वस्तू भेट म्हणून देण्याची माणसांची रीत मला तेव्हा कळली. विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, उस्ताद मक्की यांच्या प्रयोगशाळेत माझी स्थापना झाली. इकडे प्राध्यापकाला उस्ताद म्हणतात.

माझं काम संथ. प्लॅटिनमच्या वाटीत पूड घालायची, अकराशे अंशांवर वितळवायची आणि मग तासाला दोन-दोन अंश उतरवत राहायचं. तीन आठवडे असंच. मध्ये घाई झाली की स्फटिकाला तडा गेलाच म्हणून समजा. माझ्या कुशीला एक लेखणी जोडलेली होती. कागदाची गुंडाळी हळूहळू सरकायची, लेखणी तपमानाची रेघ ओढायची आणि आतलं छोटं घड्याळ कडेला तासांचे आकडे छापायचं. त्या लेखणीचा मला फार अभिमान होता.

खाली तळमजल्यावरच्या वर्गांत मुलींचा नुसता चिवचिवाट असायचा. पदवीच्या वर्गात निम्म्याहून जास्त त्याच होत्या म्हणे. पण एकेक मजला चढता चढता त्या कुठे गळायच्या कोण जाणे. माझ्यापर्यंत एखादीच पोचायची आणि तीही वर्षभरात दिसेनाशी व्हायची. टिकली ती एकटी इत्तो.

इत्तो डोंगरातल्या अज्रू गावची. वडील देवदाराच्या जंगलात रखवालदार. शहरात ती भावाकडे राहायची. ती आली तेव्हा माझी तार जळाली होती आणि चार महिने कोणी हात लावला नव्हता. ती बाह्या वर करून बसली तेव्हा तंत्रज्ञ म्हणाला, “लल्ला इत्तो, राहू द्या, हात भाजतील.” ‘लल्ला’ म्हणजे इकडचं ‘बाईसाहेब’.

“मग तुमचे भाजून घ्या,” ती म्हणाली आणि पक्कड मागायला हात पुढे केला.

मला ती ‘म्हातारे’ म्हणायची. सकाळी आली की झाकणावर थाप मारून विचारायची, “काय म्हातारे, झोप लागली का?” मला कोणी कधी असं काही विचारलं नव्हतं. तिच्यावर माझा जीव जडला, उगाच लपवत नाही.

तिच्या पहिल्या तीन खेपा फसल्या. फक्त दुसऱ्या खेपेतून तांदळाएवढा एक स्फटिक हाती लागला. चौथी खेप लावली तेव्हा दिवस मोजके उरले होते. जॉर्डनमधल्या, स्फटिकाची आतली रचना दाखवणाऱ्या मोठ्या प्रकाशयंत्रावर उस्तादांना मोजमापासाठी एकाच माणसाची जागा मिळाली होती. स्फटिक चांगला निघाला तर ती जागा इत्तोची, असं ठरलं होतं. त्यावर तिचा प्रबंध पुरा होणार होता आणि प्रबंधावर विद्यापीठातली नोकरी. तसं झालं नाही तर ती जागा अन्वरला मिळणार होती. अन्वर तिच्याबरोबरच शिकणारा, तसा मनमिळाऊ मुलगा. माझ्या पाळ्या दोघं वाटून घ्यायचे.

आता आमच्याकडची एक गंमत सांगते. रमजान आला की सगळा देश घड्याळं एक तास मागे घेतो. रोजे सुरू होण्याआधीच्या रविवारी हे होतं. लोकांचे फोन आपोआप मागे जातात. माझं घड्याळ मात्र कोणीतरी हाताने फिरवावं लागतं. त्या रविवारची पाळी अन्वरची होती. तो आला, घाईघाईने तपमान टिपलं आणि गेला. घड्याळ तसंच राहिलं. इत्तो आपल्या वहीत फोनमधली वेळ लिहायची, त्यामुळे तिच्याही ते लक्षात आलं नाही.

मग पहिला रोजा आला. त्या दिवशी कोणाचंच डोकं ताळ्यावर नसतं. चहा नाही, सिगारेट नाही, माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. खालचे रखवालदार बा इद्रीस दिवसाला दोन पाकिटं ओढणारे, त्यांची अवस्था तर विचारूच नका. रमजानात इमारत तीनला बंद होते. तिसऱ्या मजल्याची वीज चालू ठेवा, असं इत्तोने त्यांना दोनदा सांगून ठेवलं होतं. तीन वाजले आणि त्यांनी सवयीने मुख्य खटका खाली ओढला, वीजखोलीला कुलूप घातलं आणि बस धरायला निघाले.

इत्तो माझ्याशेजारीच उभी होती. माझा दिवा विझला. वहीत ‘३:०० वीज गेली’ एवढं लिहून ती जिन्याकडे धावली. फाटकावरच्या येण्याजाण्याच्या वहीत वेळ टाकून थांब्यापर्यंत पळाली. बस निघून गेली होती. बा इद्रीसांचा फोन बंद होता. ती परत आली तेव्हा फाटकावरच्या शिपायाने इमारतीलाही कुलूप लावलं होतं. मी मात्र गार होत गेले. चौदा दिवसांचं काम माझ्या पोटात तडतड करत फुटत होतं आणि मला काहीही करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अन्वर लवकर आला. वीज आल्यावर त्याने थांबलेलं घड्याळ फोन बघून बरोबर लावलं. पाठोपाठ उस्ताद मक्की आले. त्यांनी माझा कागद पाहिला. रेघ चारच्या आकड्यावर थांबली होती. मग फाटकावरची वही मागवली. तिथे इत्तोच्या नावापुढे तीन वाजून पाच मिनिटं.

“म्हणजे वीज जायच्या आधी तासभर तू पाळी सोडून गेलीस,” उस्ताद म्हणाले. “घरी रोजा सोडायला हरीरा शिजवायचा होता?”

दोघे-तिघे हसले. खरं तर आपण स्वयंपाकाला येणार नाही, असं भावजयीला सांगून आणि त्याबद्दल चार शब्द ऐकून ती त्या दिवशी आली होती. तिने आपली वही पुढे केली.

“ही तू लिहिलेली,” उस्ताद म्हणाले. “आणि हे यंत्राने लिहिलेलं. यंत्र खोटं बोलत नाही.”

मी खोटं बोलत होते हो! माझाच आकडा तिच्या गळ्याशी आला होता.

बा इद्रीसना बोलावलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, उस्तादांकडे पाहिलं. नोकरीची भीती कोणाला नसते? “कागद चार म्हणतोय तर चारच असतील, उस्ताद. बंद करायला उशीर झाला असेल.”

इत्तो मात्र हुशार, तिला क्षणात उमगलं. ती अन्वरकडे वळली. “रविवारी हिचं घड्याळ मागे लावलं होतंस?”

अन्वरने जमिनीकडे पाहिलं. “लावलं होतं.”

“मग कागदावर त्या रविवारी एकच तास दोनदा छापलेला असेल. नसेल तर घड्याळ तासभर पुढेच राहिलं. उस्ताद, गुंडाळी उघडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.”

गुंडाळी उस्तादांच्या हातात होती. त्यांनी ती उघडली नाही. चिडलेही नाहीत. बापाच्या मायेने म्हणाले, “पोरी, रोज्यात वाद कशाला? यात तुझा दोष नाही. घर सांभाळून हे काम जमत नाही कोणाला. शाळेत शिकव, तुझ्यासारख्या शिक्षिका हव्याच आहेत.” आणि गुंडाळी माझ्या लेखणीखालच्या कप्प्यात ठेवून झाकण लावलं.

जॉर्डनला अन्वर गेला. जाताना इत्तोने वाढवलेला तो तांदळाएवढा स्फटिक घेऊन गेला. इत्तो आपली पक्कड न्यायला एकदाच आली. अज्रूच्या शाळेत नोकरी लागल्याचं तिने तंत्रज्ञाला सांगितलं. ती उत्तमच शिकवत असेल. पण ती माझ्यापाशी हवी होती, आणि ते दुःख अजून गेलेलं नाही.

नंतर संगणकावर चालणारी नवी भट्टी आली आणि मला तळघरात ढकललं. अकरा वर्षं झाली. मागच्या आठवड्यात अन्वर एकटाच खाली आला. आता तोच ‘उस्ताद अन्वर’ आहे, केस पिकलेत. त्याने लेखणीखालचा तो कप्पा उघडला, गुंडाळी काढली आणि झरोक्याच्या उजेडात त्या रविवारपर्यंत उलगडली. आकड्यांवरून बोट फिरवत गेला. नऊ, दहा, अकरा, बारा. सगळे एकेकदाच, दोनदा छापलेला एकही नाही. मग त्याने कागद नीट गुंडाळला, होता तिथे ठेवला आणि माझ्या अंगावर खडूने ‘भंगार’ लिहिलं.

उद्या भंगारवाला येईल. भाऊ, माझं तांबं काढ, लोखंड काढ, माझी काही तक्रार नाही. फक्त तो कागद जाळू नकोस. अज्रूलाही नेऊ नकोस, इत्तोला तो न बघताच ठाऊक होता. तिसऱ्या मजल्यावर आता तीन मुली काम करतात म्हणे. त्यांच्या टेबलावर तो रविवार उलगडून ठेव आणि त्यांना सांग, ही भट्टी एकदा खोटं बोलली होती, आणि सगळ्यांनी तिचंच खरं मानलं.