नेब्बिओलोची बी

ऑक्टोबरची सोनकेशरी सकाळ लांगेच्या टेकड्यांवर उतरली आणि उतरताच धुक्यात हरवली. शुभ्र धुकं, संथ धुकं, दरीदरीतून पावलापावलानं वर चढणारं धुकं. वर आल्प्सची हिममस्तकं तेवढी उजळलेली, खाली ताम्रपर्णी वेलींच्या रांगा, रांगांमागून रांगा. इटलीतल्या पिएमोंते प्रांताचा हा मुलूख वाईनवर जगतो, आणि या दिवसांत आभाळाकडे बघून बोलतो.

दक्षिण उतारावर, दवभिजल्या वेलींपाशी, हर्षला उभी होती. नाशिकजवळच्या पालखेडची, द्राक्षबागायतदाराची लेक. हा मळा म्हाताऱ्या ओरेस्तेचा. त्याला मूल नाही, गुडघ्यांत बळ नाही. त्यानं साफ सांगितलं होतं, "यंदाची तोडणी कधी, ते तू ठरव. जमलं तर हा उतार तुझ्या हाती. नाही जमलं तर शेजारच्या बात्तिस्ताच्या."

नाही जमलं, असं गेल्या वर्षी एकदा झालेलं होतं.

तीन वर्षांत तिनं इथली द्राक्षं माणसं ओळखावीत तशी ओळखली होती. सप्टेंबरात आधी येतं ते दोल्चेत्तो. जांभुळकाळं, मऊ स्वभावाचं, फार वाट बघायला न लावणारं; त्याची वाईन कोवळ्या वयातच पिऊन टाकायची. मागून बार्बेरा, गर्दरंगी, आंबट जिभेचं, जेवणाच्या ताटाशी लगेच रमणारं. आणि सगळी पिंपं भरली, सगळे मळे रिते झाले, की उरतं नेब्बिओलो. पातळ सालीचं, रंगानं फिकं, दिसायला गरीब. पण अंगात तुरटपणा असा की वर्षानुवर्षं पिंपात कोंडल्याशिवाय त्याची रग जिरत नाही. रग जिरली, की त्या फिक्या तांबूस रंगातून गुलाब दरवळतो. हर्षलाचा जीव याच हट्टी द्राक्षावर जडला होता.

आणि यानंच तिला तोंडघशी पाडलं होतं. गेल्या वर्षी तिनं मणी चाखला, गोडी जिभेवर आली, आणि ती पालखेडच्या सवयीनं म्हणाली, तोडा. पालखेडच्या द्राक्षात बी नसते. तिथं गोडी आली की माल तयार. इथं साखर पिकली होती, बी हिरवी होती. त्या वर्षाची वाईन अजून तळघरात आहे, कच्च्या करवंदासारखी तोंड आवळणारी. ओरेस्तेनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही, तेच तिला लागलं.

यंदा मंगळवारी ढग आले. बात्तिस्तानं घाईनं सगळा मळा उतरवला. घड टपोरे, गोडी भरपूर. हर्षलानं बी चावली, कडू लागली. ती थांबली.

घरून फोन आला. अण्णांचा जीव टांगणीला. "अगं हर्षू, आभाळ भरलंय म्हणतीस, अन् माल अजून वेलीवर? काढून मोकळी हो की!"

"अण्णा, तुमच्या द्राक्षाला बी नाही. माझ्याला आहे."

मग अण्णा म्हणाले, "बघ बाई, बाग तुझी, डोळा तुझा."

गुरुवारी पाऊस आला, तासभर रिमझिमला आणि गेला. मागून उत्तरेचा वारा सुटला, हिमगंधी, कोरडा, पानापानाला पुसत जाणारा. हर्षला भ्यायली नाही असं नाही. भ्यायली, पण तिनं कात्रीला हात लावला नाही.

आणि आज ही सकाळ. तिनं मणी तोडला, गर गिळला, बी दाताखाली धरली. कट्. तपकिरी, खुसखुशीत, भाजक्या शेंगदाण्यासारखी. तिनं दुसरा मणी ओरेस्तेच्या तळहातावर ठेवला. म्हातारा चावत राहिला, डोळे मिटून, खूप वेळ.

"आज," हर्षला म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

या घराची एक रीत होती. तोडणीचा पहिला घड मळ्याच्या धन्यानं कापायचा, आणि खाली टोपली धरायची ती गड्यानं. पन्नास वर्षं कात्री ओरेस्तेच्या हातात होती. त्यानं खिशातून ती काढली, तिची मूठ सदऱ्याला पुसली आणि हर्षलापुढे केली. मग वेलीला धरून, दुखरे गुडघे हळूहळू टेकवत तो ओल्या मातीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी टोपली धरली.

तिनं कात्री घेतली आणि पहिला घड डाव्या हातात धरला.

धुकं विरलं, ऊन उतरलं, रांगेमागून रांग उजळत गेली. कात्री वाजली, आणि नीलधूसर, दवभारला, पिकला घड म्हाताऱ्याच्या टोपलीत अलगद उतरला.