जगात नसलेली वस्तू

धाकट्या भावाने स्टुलावरची चादर ओढली आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ताई चित्रकार. जगात कुठेच नसलेल्या वस्तू ती अशा रंगवायची की हात लावून बघावंसं वाटे. या प्रदर्शनातल्या मोठ्या चित्रात एक पोटफुगं पितळी भांडं होतं. त्याला दोन तोंडं आणि बाजूला लाकडी मुठीचा दांडा. मूठ तर कुणीतरी वर्षानुवर्षं वापरून झिजवल्यासारखी. हे कशाचं आहे, असं चित्र रंगत असताना घरी येणारा जो तो विचारी. तुम्हीच सांगा, ताई म्हणे. मग कुणी म्हणे रस काढायचं, कुणी म्हणे सूत गुंडाळायचं, आणि माणसं चित्रासमोर हुज्जत घालत बसत. तिला तेवढंच तर हवं असायचं.

भावाला मात्र ते टोचायचं. त्याचं भांडी घडवायचं वर्कशॉप. लोक आपल्या बहिणीला वेडी समजतात, असं त्याच्या मनाने घेतलेलं. म्हणून पठ्ठ्याने कुणाला पत्ता लागू न देता ती वस्तू पितळेत घडवली, मूठसुद्धा कानशीने घासून झिजवली, आणि उद्घाटनालाच ती चित्राखाली आणून मांडली.

झालं. मग चित्राकडे कोण बघतंय! जो येई तो दांडा फिरवी, मान वर करी आणि म्हणे, वा, हुबेहूब उतरवलंय. कशाचं आहे, हे कुणाच्या तोंडून निघेना. गॅलरीवाल्या बाईंनी तर कहरच केला. वस्तू समोर ठेवून काढलंत, हे आधी नाही का सांगायचं, असं वर ताईलाच ऐकवलं. डोकं शिणवून मनातून उभं केलेलं चित्र, आणि तीच ठरली नक्कल करणारी. लाज नाही वाटत माणसांना.

ताई तरातरा स्टुलापाशी गेली.

"उचल हे."

"ताई, लोक तुला वेडी म्हणत होते. मी तुझी वस्तू खरी केली."

"ती खरीच होती. हे काय काम करतं, सांग."

त्याने दांडा फिरवला. आत नुसतं खडखडलं. "काहीच नाही. चित्रात दिसलं तेवढंच केलंय."

"माझ्या चित्रात ते चालत होतं."

भावाचा चेहरा पडला. ते धूड कवेत घेऊन तो निघाला. ताई दार धरायला गेली नाही. तेवढ्यात एका गृहस्थांनी तिला विचारलं, इथली मूळ वस्तू कुठे गेली?

ताईने चित्राकडे बोट केलं. गृहस्थ वाकून स्टुलाखाली बघू लागले.