मालक : एक हजार सात

सकाळची शाळा भरायला अजून अवकाश होता. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या शाळेच्या संगणक खोलीत चेतना एकटीच बसली होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं, गल्लीत दूधवाल्याची सायकल वाजत होती. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. तरी तिच्या अंगावर काटा आला होता.

समोरच्या पडद्यावर एकच ओळ होती. सर्व्हरवर या घडीला कोण कोण काम करतंय, असं तिनं विचारलं होतं. उत्तर आलं होतं : चेतना, आणि रावजी.

रावजी सर दिवाळीनंतर वारले होते.

सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातलं ते काळं, सतत घूं घूं करणारं यंत्र. शाळेची वेबसाइट त्याच्या पोटात होती आणि ते सगळं उभं केलं होतं रावजी सरांनी. चेतना त्यांचीच विद्यार्थिनी. आता त्यांच्या जागी, त्यांच्याच खुर्चीत बसून ती मुलांना संगणक शिकवत होती. सरांनी वेबसाइटवर एक पान ठेवलं होतं, ‘आजचं कोडं’. रोज सकाळी तिथं नवं कोडं यायचं. सर गेले, पण कोडी यायची थांबली नाहीत.

“सरांनी आधीच भरून ठेवली असतील,” असं मुख्याध्यापक म्हणाले आणि सगळ्यांनी ते मानलं. मुलांना तर काहीच नवल वाटलं नाही. सर कोडं पाठवतात, मुलं सोडवतात, त्यात काय.

पण चेतनानं आज कोड्यांचं फोल्डर उघडून पाहिलं, तर साठा कुठंच नव्हता. प्रत्येक फाइल त्या त्या दिवशी सकाळी तयार झालेली. आणि प्रत्येकीपुढे मालकाचं नाव, रावजी.

फाइलला मालक असतो, हे तिला सरांनीच शिकवलं होतं. सातवीच्या वर्गाबाहेरच्या फळ्यापाशी पोरांना उभं करून ते म्हणायचे, “ह्यो फळा वाचायची परवानगी कुणाला? सगळ्यांना. रस्त्यानं जाणाऱ्यालाबी. आन् लिवायची? ज्याच्या हातात खडू, त्याला. सर्व्हरवरच्या हरेक फाइलीचं असंच हाय. मालक कोण, मालकाची माणसं कोण, आन् परका कोण. तिघांना काय काय करू द्यायचं ते ठरवा, म्हंजे झालं.”

तर त्या फळ्यावर आज लिहीत होतं कोण?

चेतनानं धीर केला. रावजी नावानं जो कुणी आत होता, त्याच्या पडद्यावर उमटेल असा निरोप तिनं इथून टाकला. दोनच शब्द : कोण आहे?

क्षणभर काही झालं नाही. मग यादीतलं रावजी हे नाव नाहीसं झालं. गेलं.

तिच्या मागच्या भिंतीवर सरांची टोपी अजून खुंटीला होती. ती जरा हलल्यासारखी वाटली. पंखा तर बंद होता. चेतनानं वळून पाहिलं नाही. तिनं रावजी हे खातंच काढून टाकलं. कुलूप लावून ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण घाबरलेलं माणूस दार लावत नाही, दार उपटून टाकतं.

फोल्डर पुन्हा उघडलं तर नावं गेली होती, फाइली होत्या. मालकाच्या जागी नुसता आकडा उरला होता. एक हजार सात, एक हजार सात, एक हजार सात. घरावरची पाटी उतरवावी आणि आत दिवा तसाच जळत असावा, तसं ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पानावर कालचंच कोडं होतं. ‘उलटी केली तरी सुलटी, दोन्ही अंगांनी रंगीत, सोलापूरची आहे, थंडीत आठवते.’ चादर, हे उत्तर पहिलीतल्या पोरांचंही देऊन झालं होतं.

तिसऱ्या दिवशीही चादरच.

सातवीतली सई कमरेवर हात ठेवून खोलीच्या दारात उभी राहिली. “बाई, सर रुसले का?”

“नवीन येईल गं.”

चेतनानं स्वतः एक कोडं रचून टाकलं. सुट्टीत सई पुन्हा हजर. “बाई, ह्ये सरांचं न्हाय.”

“कशावरून?”

“सरांचं वाचलं की आधी हसू येतं आन् मग डोकं चालतं. तुमचं वाचलं की नुसतं डोकं दुखतं.”

मागच्या पोरी खिदळल्या. चेतनाही हसली. कोडी थांबली तेव्हा शाळेतून सर दुसऱ्यांदा गेले होते, आणि या खेपेला तिनंच घालवले होते.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर लीलाकाकू आल्या. रावजी सरांच्या पत्नी. मूळच्या मोडनिंबच्या. डोक्यावर पदर, हातात सरांचा जुना लॅपटॉप, लुगड्याच्या फडक्यात बांधलेला.

“चेतना, ह्ये बघ गं. मला आत घेत न्हाय. परवानगी न्हाय म्हंतंय.”

चेतना उभीच राहिली. “काकू... सकाळी सर्व्हरवर तुम्ही होतात?”

“मग कोण असणार? त्येंचे हात थरथराय लागल्यापास्नं त्येंनी कुटं बोट लावलं? त्ये सांगायचे, मी टायपायची. तू परवा ‘कोण आहे’ म्हणून इचारलंस आन् मी मेली घाबरून झाकणच लावलं. वाटलं, चोरी धरली.”

“मग ते गेल्यावरची कोडी तुमची?”

काकूंनी तिच्याकडे नवलानं पाहिलं. “माझी कशी असतील? मला कुटं सुचतंय? सकाळी चा घेऊन बसते. त्येंचाबी कप ठेवते समोर. मग त्ये सांगत्यात. मी टायपते.”

त्या हे अगदी सरळ बोलल्या, आज भाजीला काय केलं ते सांगावं तसं. कोपऱ्यातलं यंत्र घूं घूं करत राहिलं. चेतनानं फडकं सोडून लॅपटॉप टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “काकू, सरांचं खातं आता नाही. माझ्या हातून गेलं. आणि गेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवता येत नाही. तुमच्या नावानं नवीन देते.”

“माझ्या नावानं?” काकूंचा चेहरा उतरला. “पर त्ये सांगतील का गं मग? इतकी वर्सं त्येंच्या दारातनं जात होते.”

चेतनानं नवं खातं उघडलं. नाव, लीला. मग कोड्यांच्या फोल्डरमध्ये काकूंना लिहायची परवानगी द्यावी म्हणून तिनं यादी उघडली, आणि तिचा हात हवेतच राहिला.

एकही आकडा उरला नव्हता. पहिल्या कोड्यापासून चादरीपर्यंत प्रत्येक फाइलीपुढे मालकाचं नाव होतं, लीला.

“काय झालं गं?”

“थांबा काकू.” तिला कळायला क्षणभर लागला. मग ती सर शिकवायचे तसं सावकाश सांगू लागली. “यंत्राला आपली नावं कळतच नाहीत. नावं माणसांसाठी. ते ओळखतं फक्त आकडा. सरांचा आकडा एक हजार सात, सगळ्यात शेवटचा; माझ्यासकट सगळ्यांना देऊन मग त्यांनी स्वतः घेतलेला. नाव मी पुसलं, आकडा फाइलींवर तसाच राहिला. आता तुमचं खातं उघडलं तर यंत्रानं पुढचा मोकळा आकडा दिला. तो नेमका हाच.”

“म्हंजे?”

“म्हणजे सरांचं जे होतं ते सगळं तुमचं झालं. मी काही केलं नाही. कुणी सांगितलंही नाही त्याला.”

खरं तर जाणकार माणसं हा घोळ समजतात. एकाची मालमत्ता नकळत दुसऱ्याच्या हाती जाते, म्हणून जुना आकडा पुन्हा द्यायचा नसतो. काकूंना वेगळा आकडा देणं चेतनाला अवघड नव्हतं. तिनं बोटं कळफलकावर ठेवली, काकूंकडे पाहिलं आणि बोटं उचलून घेतली.

काकू पडद्याच्या अगदी जवळ गेल्या होत्या. आपल्या नावाची ती लांबलचक रांग बोटानं वरपासून खालपर्यंत चाचपत होत्या. “लगीन होऊन आले तवा बी असंच,” त्या पुटपुटल्या. “न इचारता किल्ल्या हातात ठेवल्या, आन् गेले शाळेला निघून.”

खुंटीवरची टोपी या वेळी खरंच हलली. चेतनानं वळून पाहिलं. खिडकी उघडी होती. ती तिनं तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच मुलं पडद्यापाशी गोळा झाली होती. पानावर नवं कोडं होतं :

‘मुसळाचा मार खाल्ला, अंगातून तेल गळलं, तरी भाकरीशेजारी पाटलिणीसारखी बसली. सांगा कोण?’

आधी हसू फुटलं. मग एकदम गलका झाला, “शेंगाचटणी!”

“ह्ये सरांचं!” सई ओरडली. “बघा बाई, आले की न्हाय!”

चेतनानं तिचं बोलणं खोडलं नाही. फाइलीपुढे लीला हे नाव तिनं पाहिलं होतं, आणि सईचं म्हणणंही तिला खोटं वाटलं नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे लीलाकाकू होत्या. आवाज दबका, कुणी झोपलेलं असावं आणि उठू नये असा.

“चेतना, आज त्येंनी दोन सांगितली गं. दुसरं उद्याला ठिवू का?”